डागमावशी जमीन बघतात

डागमावशींशी खोटं बोलायचं असेल तर आधी पोटभर जेवून जावं, कारण नंतर घास उतरत नाही. एकतीस वर्षं ही बाई ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला ट्यूबलाइटखाली बसली. समोर लाकडी टेबल, त्यावर बाटल्या, मऊ-कडक ब्रश आणि पांढऱ्या फडक्यांची चळत. शहरातले सगळे डाग फिरून फिरून त्या टेबलावर यायचे. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच. मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे डागमावशीच म्हणायचे.

एकदा एक गृहस्थ कोट घेऊन आले. म्हणाले, चहा सांडला. मावशींनी डागाचा वास घेतला, नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाल्या, "हा गंज आहे. कोपरापाशी तार अडकून धागाही ओढला गेलाय. कुणाच्या कुंपणावरून उडी मारलीत?" गृहस्थ जे गेले ते गेले, कोट न्यायला दुसऱ्याच कुणाला पाठवलं. "मला तो चहा म्हणाला तेव्हाच कळलं होतं," मावशी सांगायच्या. "माझ्या कानाकडे बघून बोलत होता. खोटं बोलणारा डोळ्यांत बघत नाही, कानाकडे बघतो." एकतीस वर्षांत हा नियम एकदाही चुकला नाही असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांच्याशी वाद घालणार कोण?

तर अशा या मावशींचा नवरा गेले सहा महिने त्यांच्या कानाकडे बघून बोलत होता.

नवरा म्हणजे काका, शाळेच्या बसचे ड्रायव्हर. माणूस इतका सरळ की कुणीही यावं आणि शेंडी लावून जावं. त्यांनी सहा महिन्यांपूर्वी एका दुपारी बसची किल्ली शाळेत जमा केली आणि घरी येऊन सांगितलं, "दमलो आता, पुरे." कानाकडे बघून. तेव्हापासून अधूनमधून बुधवारी ते सकाळी निघायचे आणि संध्याकाळी परतायचे. कुठे गेला होतात? असाच, एका मित्राकडे. पुन्हा कान. मावशींच्या मनात पाल चुकचुकली. कुठेतरी पाणी मुरतंय हे त्यांना कळत होतं, पण कुठे ते सापडत नव्हतं, आणि न सापडलेला डाग त्यांना झोपू देत नसे.

त्याच सुमारास मावशींची छाती बोलू लागली. एकतीस वर्षं बाटल्यांचा वास छातीत गेलेला, तो आता शिट्टी वाजवत बाहेर यायला लागला. डॉक्टर म्हणाले, दुकान सोडा, मोकळ्या हवेत राहा. मग ठरलं की जमेल तेवढी जमीन आणि त्यावर एखादं लहान घर बघायचं. खोली भाड्याची, ती महिनाअखेर सोडतो असं सांगूनही टाकलं. म्हणजे हातात चार रविवार. तेवढ्यात घर मिळालं तर ठीक, नाहीतर मावशींच्या धाकट्या जावेकडे ट्रंका घेऊन जायचं. त्यापेक्षा छातीतली शिट्टी बरी, असं मावशींचं मत होतं.

गाडी जुनी, पण काकांच्या हातातली. मात्र यावेळी ते ती फार हळू चालवत होते. "पाटी वाच ना," प्रत्येक फाट्यावर म्हणायचे, "चष्मा विसरलोय." चारही रविवार चष्मा विसरणारा माणूस मावशींनी पाहिला नव्हता. पण त्या वेळी त्यांचं सगळं लक्ष दलालांवर होतं.

पहिल्या रविवारी एक देखणं घर. भिंतींना नवा चुना, पण छातीपर्यंतच. वर जुना, पिवळट. "नदी किती लांब आहे?" मावशींनी विचारलं. दलाल म्हणाला, लांब आहे हो. "तिला तसं वाटत नाही," म्हणून मावशी गाडीत जाऊन बसल्या. दुसऱ्या रविवारी काठोकाठ भरलेली विहीर दाखवली. मावशींनी वाकून आतला दगड पाहिला. पाण्याच्या वर कुठे शेवाळ नाही, ओलसरपणा नाही, आणि विहिरीपासून रस्त्यापर्यंत गवतात टँकरच्या चाकांच्या ताज्या चाकोऱ्या. तिसऱ्या रविवारचं घर खरोखर चांगलं होतं. वारा असा सुटलेला की काका डोळे मिटून उभे राहिले. मावशींनी आत जाऊन खिडकीचा पडदा नाकाला लावला आणि म्हणाल्या, "टेकडीपलीकडे कोंबड्या किती हजार आहेत?" दलालाने काखा वर केल्या.

"छान होतं की गं," परतताना काका म्हणाले.

"तुम्हाला काय, मसणवटा दाखवला तरी म्हणाल शांतता छान आहे."

चौथ्या रविवारी निवृत्त पोस्टमनचं घर. ही जाहिरात काकांनी आणली होती, कागदाचा तुकडा खिशातून काढून, कानाकडे बघत. मावशी डोळ्यांत तेल घालून निघाल्या. घर उताराच्या माथ्यावर, दोन खोल्या, मागे विहीर, पुढे दीड एकर लाल माती. पोस्टमन एकटाच राहणारा म्हातारा, लेकीकडे जायचं म्हणून विकत होता. मावशींनी भिंती ठोकल्या, पडदे हुंगले, कौलं मोजली, विहिरीत खडा टाकून पाण्याचा आवाज ऐकला. शेजारणीला गाठून विचारलं. कागद उलटेपालटे करून पाहिले. एक डाग सापडेना. आणि जसजसा सापडेना तसतसा त्यांचा संशय वाढत गेला, कारण धुतलेल्या कपड्यावरसुद्धा त्यांना कधी काहीच सापडलं नाही असं झालं नव्हतं.

मग त्यांनी घराकडे बघायचं सोडलं आणि नवऱ्याकडे बघायला लागल्या.

काका विहिरीकडून घरात चालले होते. मागचं फाटक घट्ट होतं, ते त्यांनी आधी जरासं वर उचललं आणि मग ढकललं. तिसरी पायरी मोडकी होती, ती न बघता ओलांडली. दाराची चौकट बुटकी, तिच्याआधी पाऊलभर मान खाली घातली. मावशींनी स्वतः त्याच चौकटीवर सकाळी कपाळ आपटून घेतलं होतं.

मावशींनी खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. चपलेला लाल माती लागली होती. हीच माती. त्या प्रत्येक बुधवारनंतर काकांच्या पँटीच्या पायाला हीच माती, घासून घासून त्यांचे हात दुखले होते. मित्राकडे म्हणे. म्हणजे नवरा आणि म्हातारा एकमेकांना सामील. कोणी शेंडी लावली ह्या भोळ्याला, आणि काय कबूल करून बसलाय? की भोळाच नाही? बत्तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा मावशींना आपल्या माणसाची भीती वाटली.

"अहो, इकडे या," त्यांनी हाक मारली. काका विहिरीपाशी परत आले.

"किती वेळा आलात इथे?"

काका म्हणाले, "चारदा."

"कशाने?"

"बसनं."

"दारात गाडी असताना बसनं?" मावशींनी तिथेच पकडलं. "गाडी असताना माणूस बसनं कधी जातो? लपवायचं असेल तेव्हा. काय लपवताय?"

"एकट्यानं गाडी चालवायची भीती वाटते."

मावशींना उत्तर कळलंच नाही. तीस वर्षं दुसऱ्यांची पोरं सुखरूप घरी सोडणारा माणूस हे बोलत होता.

"तू शेजारी असलीस की पाट्या वाचतेस," काका म्हणाले. "डोळ्यांच्या पडद्यावर डाग पडलाय. दोन्ही डोळ्यांत, बरोबर मधोमध. डॉक्टरांनी सांगितलं त्याच दिवशी बसची किल्ली दिली. वाढत जाणार म्हणाले. दिसतंय तोवर एखादं घर पाठ करून ठेवावं म्हटलं. हे पाठ झालंय माझं. फाटकापासून दारापर्यंत एकवीस पावलं."

"आणि मला सांगितलं नाहीत."

"आधी तुझी छाती. दोघांचं एकदम कसं सांगायचं? आणि तो निघत नाही गं. अमुक एक डाग निघत नाही असं कुणी सांगितलं की तू काय करतेस ते बघितलंय मी. जेवणखाण सोडून घासत बसतेस."

मावशींना राग आला, आणि तो खरा राग होता. असे डोळे घेऊन चार रविवार मला रस्त्यावरून फिरवलंत, म्हणाल्या. कुणाचं लेकरू आडवं आलं असतं तर? काकांनी मान खाली घातली.

"माझ्याकडे बघून बोला निदान," मावशी म्हणाल्या.

"बघतोच आहे."

"कानाकडे बघताय. सहा महिने कानाकडेच बघताय."

"सरळ बघितलं की तू दिसतच नाहीस," काका म्हणाले. "तोंडाच्या जागी नुसता काळा ठिपका. कानाकडे बघितलं की दिसतेस. सगळी दिसतेस."

मावशी विहिरीच्या काठावर टेकल्या. सहा महिने हा माणूस आपल्याला टाळतोय असं त्या धरून चालल्या होत्या. त्यांनी पदराने आधी स्वतःचे डोळे पुसले, मग उगाचच काकांचेही पुसले. काकांनी पुसू दिले.

थोड्या वेळाने मावशी उठायला लागल्या आणि आपण कशावर बसलो होतो ते त्यांना दिसलं. विहिरीचा काठ जेमतेम गुडघ्याइतका होता. सकाळपासून त्या याच विहिरीत दहादा डोकावल्या होत्या. पाण्याची खूण पाहिली, शेवाळ पाहिलं, काठ किती उंच ते पाहिलंच नव्हतं. त्या तडक आत गेल्या. काका मागोमाग.

पोस्टमन चहा गाळत होता.

"घर घेतो आम्ही," मावशी म्हणाल्या. "पण आधी विहिरीला कमरेइतका कठडा बांधून द्यायचा. ती तिसरी पायरी नवी. फाटकापासून दारापर्यंत हाताला धरायला लोखंडी दांडा. आणि ही चौकट वर उचलायची."

म्हातारा गाळणी हातात धरून बघत राहिला. "अहो बाई, चाळीस वर्षं राहतोय मी. विहिरीत एक कोंबडीसुद्धा पडली नाही. एवढं सगळं कशासाठी?"

काकांनी तोंड उघडलं. मावशींनी त्यांचं मनगट दाबलं आणि म्हाताऱ्याच्या थेट डोळ्यांत बघितलं.

"मला चक्कर येते," त्या म्हणाल्या.

"अरेरे. पुष्कळ दिवस झाले?"

"सहा महिने. गाडीत तर फारच येते. आज गाडी इथेच राहू दे, आम्ही बसनं जातो."

म्हाताऱ्याला ते लगेच पटलं. त्याने मावशींना खुर्ची पुढे केली, चहात साखर जास्त घातली, आणि बसच्या फाट्यापर्यंत सोडायला स्वतः निघाला. वाटेत काकांना बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "कठडा मी बांधून देतो, पण तुमचंही लक्ष असू द्या. हात धरून चालवत जा यांना."

"हो," काका म्हणाले, आणि त्यांनी मावशींचा हात धरला.