लोपसर आणि दोन करडं

आमच्या गणिताच्या सरांना दोन अडचणी एकदम आल्या की फार आनंद व्हायचा. एकीचा लोप करायचा, मग दुसरी आपोआप सुटते, असं ते म्हणत. आमच्या लिंबागणेश गावात सगळे त्यांना लोपसरच म्हणायचे. वर्गात दोघं भांडले की ते एकाला व्हरांड्यात काढत आणि उरलेल्याकडून सत्य सोडवून घेत.

मात्र समीकरणातला वाय घालवून एक्स मिळाला की आम्ही वह्या मिटायचो, तेव्हा ते भडकायचे. "ज्याला घालवलं त्याला कोण शोधणार? तुमचे मामा?" म्हणून अर्धे गुण कापायचे.

मी दहावीत असताना वडील मला ऊसतोडीला न्यायला निघाले. सर घरी आले. वडील म्हणाले, "आमी दोघं फडात. शेळीची करडं कोण बगंल? पोरगी पायजेच."

"मग करडांचा लोप करू," सर म्हणाले. "ती माझ्याकडे, पोरगी चुलतीकडे."

"अन वाळली तर? मंग हिची शाळा बंद."

म्हणून वजन करायचं ठरलं. आमची जुळी करडं वजनाला अगदी सारखी, पण काट्यावर एकटी ठरेनात. सर त्यांना घेऊन आडतीवरच्या काट्यावर चढले. एक करडू घेऊन ब्याऐंशी किलो, दोन्ही घेऊन चौऱ्याण्णव. सरांना एकट्याला तोलावं, असं आडतवाला म्हणाला. "मग गणित कुठं उरलं?" सर म्हणाले. मी वजाबाकी केली. सर उडाले, करडू बारा किलो निघालं. सर सत्तर.

तो हंगाम करडं आमच्या वर्गात बसली. त्यांनी भूमितीची दोन पुस्तकं खाल्ली. सर शाळेआधी त्यांना डोंगरावर चारायला न्यायचे आणि दुपारचा डबाही त्यांच्यापुढेच रिकामा करायचे. आम्हाला त्याची गंमत वाटायची.

पाडव्याला वडील परतले. सर पुन्हा काट्यावर. एका करडासह तेच ब्याऐंशी. वडिलांचा चेहरा पडला. "काईच वाढलं न्हाई की."

दोन्ही घेऊन मात्र शंभर भरले. मी वजाबाकी केली. करडू अठरा.

"बास, मिटव वही," सर घाईने म्हणाले.

ते असं कधीच म्हणत नसत. मी वही मिटली नाही. ब्याऐंशीतून अठरा गेले, सर चौसष्ट. मला रडूच आलं.

वडिलांनी वहीतला तो आकडा पाहिला. मग त्यांनी सरांच्या खांद्यावरचं करडू उतरवून घेतलं.

"पोरगी शिकंल," ते म्हणाले. "म्होरल्या साली करडं आमी नेतो. तुमी आदी घरी चला, जेवा."

आमच्या ओसरीवर पाचवी भाकरी मोडता मोडता सरांनी माझी वही मागून घेतली आणि पूर्ण गुण दिले.