व्हरांड्यात ओढलेला बाक

बेंबळीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायला लागले, त्याच वर्षीची गोष्ट. नववीच्या मुलींना 'बल गुणिले अंतर म्हणजे कार्य' हे तोंडपाठ होतं. पण घर्षणाविरुद्ध ओढताना बल किती धरायचं, असं विचारलं की सगळ्या वहीत डोकं घालायच्या.

म्हणून एका दुपारी मी वर्गातला बाक व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर आणवला. शाळेतला ताणकाटा अगदीच नाजूक, तेव्हा भुसार दुकानातून पोती तोलायचा हुकाचा काटा मागून आणला होता. बाकावर एक बारकी मुलगी बसली. ओढायला मी वर्गातली धट्टीकट्टी, पण कधी तोंड न उघडणारी मुलगी निवडली. एकसारखं ओढ, एवढंच तिला सांगितलं. काटा सोळा किलोवर थांबला. म्हणजे साधारण एकशे साठ न्यूटन. बाक पाच मीटर सरकला, म्हणजे आठशे ज्यूल. पोरींचे चेहरे खुलले.

खरखर ऐकून मुख्याध्यापक बाहेर आले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मी काही सांगायच्या आत बाकावरची मुलगी बाजूला सरकली आणि म्हणाली, "सर, तुम्ही पण बसा. वजन वाढल्यावर काटा कुठं जातो ते बघायचंय."

सर क्षणभर घुटमळले. मग चष्मा खिशात ठेवून खरंच बसले. आता ओढायला आणखी एक मुलगी लागली आणि काटा पस्तीसवर गेला. सर दोन्ही हातांनी बाक धरून बसले होते, आणि हसू दाबायचं त्यांना काही जमत नव्हतं.

सरांसकट बाक परत जागेवर आला, तेव्हा मी विचारलं, की पहिल्यासारखा एकाच मुलीला घेऊन बाक पाच मीटर नेला आणि तसाच परत आणला, तर ओढणारीचं एकूण कार्य किती? बाक होता तिथंच आला, म्हणजे विस्थापन शून्य, म्हणून कार्यही शून्य, असं बहुतेक जणी म्हणाल्या. सरांनीही मान डोलावली.

तेवढ्यात ती गप्प मुलगी लाल झालेले तळवे चोळत म्हणाली, "मॅडम, बाक काय आपल्या पायानं माघारी येत न्हाय. ओढावाच लागतोय. जाताना आठशे, येताना आठशे."

मला इतका आनंद झाला की मी आधी तिची पाठ थोपटली आणि मग समजावून सांगितलं. बाक उलटा फिरला की घर्षणही उलटं फिरतं आणि येतानाही अडवतंच. त्यामुळं दोन्ही फेऱ्यांचं कार्य मिळवायचं, वजा करायचं नाही. ते सगळं उष्णतेत जातं म्हटल्यावर पोरींनी वाकून बाकाचे पाय चाचपले. गरम लागतात, असं त्यांचं म्हणणं. मला काही तसे लागले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतःहून पुढच्या बाकावर येऊन बसली. मी हजेरी घ्यायच्या आधीच तिनं हात वर केला. बैलगाडीला चाकं असतात, मग तिथं घर्षण कुठं धरायचं, असं तिला विचारायचं होतं. तो अख्खा तास त्यातच गेला.