काढून टाकलेला रूळ

लोणावळ्यात शाळेत शिकवायला जाताना रेल्वेचा एक चावीवाला मला रोज दिसे. हातोडीने रुळांच्या सैल चाव्या ठोकत, त्याच ठेक्यावर येशूची भजनं गात चालायचा. आवाज भसाडा, पण गायचा अगदी छाती काढून! नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा ऐन नाताळाच्या तोंडावर त्यांच्या ख्रिस्ती देवळाची घंटा तडकली. नाताळाच्या सकाळी पाहतो तर यानं देवळापुढच्या आंब्याला रुळाचा तुकडा टांगलेला, आणि घामाघूम होऊन तो बडवतोय! नवे कपडे घातलेली माणसं लगबगीने येत होती.

"लाइनीतनं काढून टाकल्याला तुकडा हाय, मास्तर," तो हसला. "येशूचा झालो तवा गावानं मलाबी असाच काढून टाकला."

मग हातोडी उगारत म्हणाला, "आता बगा, पार त्याच गावाच्या वेशीच्या आत ऐकू जातंय!"