मोठं करून पाहिलेलं लग्न

मोबाईलवरचं चित्र टीव्हीवर कसं आणायचं ते मला येतं. आलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं. पण तेव्हा मोठ्या हौसेनं शिकले. दोन्ही एकाच वायफायवर हवेत. मग मोबाईलच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढायचं, स्क्रीनच्या खुणेवर दाबायचं, आपल्या टीव्हीचं नाव दिसलं की त्यावर बोट ठेवायचं. काहीतरी गोल गोल फिरत राहतं आणि मग जे हातात आहे तेच भिंतीवर. आमच्या गल्लीत माकडं तारांवर झोके घेतात, त्यामुळे वायफाय घडीत आहे, घडीत नाही. त्या दिवशी मात्र मेलं ठणठणीत चालू होतं.

हे सगळं शिकले ते ह्यांच्या भाचीच्या लग्नासाठी. लग्न पुण्यात, आम्ही बनारसात. आता तुम्ही म्हणाल, सख्खा मामा भाचीच्या लग्नाला जायचं सोडून टीव्हीसमोर कशाला बसेल? तेच तर सांगतेय.

आमचं घर मंगला गौरीपाशी. ह्यांचे आजे-पणजे इथेच भिक्षुकी करायचे, ह्यांनी शाळेत संस्कृत शिकवलं, मी दुसऱ्या शाळेत हिंदीतून गणित. काशीत घर असल्यामुळे आमच्याकडे नातेवाइकांची वर्दळ भरपूर. फक्त येताना हातात कलश असतो. वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, लग्न होऊन पुण्याला गेली. तिचे सासरे गेले, अस्थी आमच्याकडे. सासू गेली, आमच्याकडे. दीर गेला, तेव्हा तर नऊ माणसं आली, आणि बाहेर धुकं इतकं की समोरचं माणूस दिसेना. हे त्यांना घेऊन पहाटे पंचगंगा घाटावर उतरले, होडी ठरवली, गुरुजी बघितले. मी घरात कांदा-लसूण न घालता स्वयंपाक रांधला, गाद्या घातल्या, गरम पाणी काढलं. जाताना सगळ्यांचे डोळे भरून आले, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून हो!" हो ना. आम्ही आहोतच.

ती भाची मात्र वेगळी. लहानपणी उन्हाळ्याची सुट्टी लागली की ती इथं यायची आणि दिवसभर मामाच्या मागे मागे. आम्हाला मूलबाळ नाही. भोसले घाटाच्या पायऱ्यांवर हे तिचा हात धरून उतरायचे आणि ती मुद्दाम ठुमकत चालायची, डोक्यावरून माझी ओढणी घेऊन. "मामा, मी नवरी आहे, मला नीट आण." हे तितक्याच गंभीरपणे विचारायचे, "साडी कुठली नेसणार?" "पिवळी. तू देशील ती." पोर सहा-सात वर्षांची असेल. विसरली असेल बापडी. ह्यांनी मात्र ते जपून ठेवलं.

आमच्यात रीत अशी, की गौरीहरापाशी बसताना मुलगी मामानं दिलेली पिवळी साडी नेसते आणि मग मामाच तिचा हात धरून तिला बोहल्यावर आणतो. मामाला लग्नात दुसरं काही काम नसतं, पण हे एक असतं. लग्न ठरल्याचं कळलं त्याच आठवड्यात हे साडीच्या मागे लागले. बनारसचा मामा, साडी काय दुकानातून उचलून आणणार? रोज कुठल्या ना कुठल्या साडीवाल्याच्या गद्दीवर जाऊन बसायचे. हा पिवळा लिंबाचा आहे, हा फार केशरी, मला हळदीचा पाहिजे. काठ हिरवा, बारीक. बुट्टी कोयरीची, एकेक वेगळी विणलेली. शेवटी एका विणकराकडून मनासारखी करून घेतली. घरी आणली तेव्हा मला हात धुवून यायला लावलं आणि मग उलगडली. खोटं कशाला बोलू, माझ्या लग्नातला शालू तिच्यापुढे पोतेरं वाटला.

गाडीचं तिकीट काढायच्या बेतात होतो तेवढ्यात वन्संचा फोन. "दादा, तू एवढी दगदग कशाला करतोस? तुझे गुडघे तसे. आणि हॉल लहान आहे रे, अगदी मोजकी माणसं करतोय. मी लिंक पाठवते ना, घरबसल्या सगळं लाइव्ह दिसेल. साडी मात्र कुरिअर कर हं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोन माझ्या हातात असता तर असं काही सुनावलं असतं की सात पिढ्या आठवल्या असत्या. हे म्हणाले, "बरं." बस. एवढंच. आयुष्यभर ह्या माणसाला "बरं" ह्याशिवाय काही म्हणता आलं नाही.

तिसऱ्या दिवशी चहा पिताना हे म्हणाले, "मी नसलो तरी साडी असेल ना तिच्या अंगावर. म्हणजे मामा होताच की." मग थोड्या वेळानं, "पण मोबाईलवर साडी काय कळणार? एवढंसं चित्र. बुट्टी दिसली पाहिजे. ते टीव्हीवर लावता येतं म्हणतात, तुला जमेल?" जमेल म्हटलं. न जमायला काय झालं, जन्मभर पोरांना गणित शिकवलं मी.

लग्नाचा दिवस उजाडला. मी मोबाईल चार्जिंगला लावला, टीव्ही पुसला, आणि बघते तर हे सोवळं नेसून, खांद्यावर उपरणं घेऊन बाहेर आलेले. कपाळाला गंध.

"अहो, टीव्हीतून ते आपल्याला बघत नाहीत."

"माहीत आहे मला. लुंगीवर बसू का भाचीच्या मुहूर्ताला? अक्षता आण थोड्या."

मग मीही आत जाऊन चांगली साडी नेसले. कोण बघणार होतं, पण नेसले.

टीव्ही लागला आणि पहिल्यांदा दिसला तो हॉल. कपाळ माझं! तो लहान हॉल म्हणे. दशाश्वमेधावर आरतीला असते तशी गर्दी. कॅमेरा फिरत होता आणि आम्हाला एकेक चेहरा ओळखू येत होता: वन्संच्या जावा, जावांच्या बहिणी, त्यांच्या सोसायटीतले लोक, दिराच्या वेळी आमच्या गाद्यांवर झोपून गेलेले ते नऊच्या नऊ. मोबाईलवर ही नुसती मुंग्यांसारखी माणसं दिसली असती. टीव्हीवर त्यांच्या नाश्त्याच्या बशीतली जिलबीसुद्धा दिसत होती. मी ह्यांच्याकडे बघितलं. हे म्हणाले, "ऐन वेळी माणसं वाढतातच."

नवरा मुलगा येऊन उभा राहिला. अंतरपाट धरला. आणि गुरुजींनी माईकवरून पुकारलं, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं."

हे उभे राहिले.

हे टीव्हीसमोर उभे, उपरणं सावरलेलं, उजवा हात किंचित पुढे. तिकडे गुरुजींनी पुन्हा पुकारलं, "मामा! मामा कुठायत?" कोणीतरी त्यांच्या कानाला लागलं, गुरुजींनी माईक खाली घेतला, आणि मोठ्यानं गाणं सुरू झालं. दाराशी धूर सोडला. चार मैत्रिणींनी चार काठ्यांवर फुलांचं छत धरलेलं आणि त्याखालून आमची भाची, काळा चष्मा लावून, नाचत नाचत आली. लोक शिट्ट्या मारत होते. मामाच्या जागी धूर!

ह्यांचं तिकडे लक्षच नव्हतं. हे साडी बघत होते.

"ही नव्हे," ते म्हणाले.

पिवळीच होती, पण कशी? लिंबू पाण्यात पिळावं तशी. काठाला हिरव्याचा पत्ता नाही. मलाही दिसलं, न दिसायला मी काय आंधळी आहे? पण मी म्हटलं, "टीव्हीचा रंग फिका आहे हो आपल्या." हे लगेच म्हणाले, "तेच म्हणतो मी. वाढव जरा." मी रिमोट घेऊन रंग वाढवला. गुरुजींचा चेहरा संत्र्यासारखा झाला. नवऱ्याचा फेटा पेटल्यासारखा दिसायला लागला. साडी लिंबाचीच राहिली. "अजून वाढव," हे म्हणाले. मी वाढवला. मग स्वतःच म्हणाले, "राहू दे. कर पहिल्यासारखा."

मंगलाष्टकं सुरू झाली. हे उभेच. प्रत्येक "सावधान"ला टीव्हीच्या दिशेनं अक्षता टाकत होते, त्या टीव्हीला लागून खाली पडत होत्या. माझ्या डोळ्यांना धार लागली होती आणि डोक्यात वन्संना शिव्या. मेली, नेसवायची नव्हती तर मागवलीस कशाला?

लग्न लागलं. टाळ्या झाल्या. कॅमेरावाला आता इकडेतिकडे हिंडायला लागला. जेवणाच्या रांगा, आईस्क्रीमचा स्टॉल, मग हॉलच्या दाराशी एक टेबल. आहेराची पाकिटं ठेवायला मोठा पितळी हंडा, आणि त्याच्या मागे, दोन खांबांना बांधून, पडदा लावावा तशी, हळदीची पिवळी साडी. बारीक हिरवा काठ.

हे टीव्हीजवळ गेले. इतके जवळ की नाक लागेल. बोटानं काचेवरून काठ चाचपत गेले.

"उलटी लावलीय," म्हणाले. "बुट्टीचे दोरे दिसतायत बघ. आतली बाजू बाहेर आलीय."

"बंद करते मी हे," मी म्हटलं. "पुरे झालं. आपलंच लग्न असल्यासारखे नटून बसलो आपण, आणि ह्यांनी तोंडाला पानं पुसली. बंद करते."

तेवढ्यात फोन वाजला. वन्सं. व्हिडिओ कॉल. आमचा मोबाईल अजून टीव्हीला जोडलेलाच होता, त्यामुळे वन्सं अख्ख्या टीव्हीभर आली, नथीसकट. मी बंद करायच्या आत ह्यांनी माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि उचलला. टीव्हीच्या कोपऱ्यात आम्ही दोघं दिसायला लागलो, काडेपेटीएवढे.

"दादा! बघितलंस ना सगळं? अय्या, तू सोवळं नेसलायस? कित्ती गोड! अगं वहिनी, बघ ना ह्याच्याकडे!" ती हसली. वाईट हसली असं नाही म्हणणार मी. तिला खरंच गंमत वाटली. त्याचाच जास्त राग आला. "गुरुजींनी मामा मामा करून गोंधळच घातला रे, त्यांना सांगायचं राहिलं होतं, इव्हेंटवाल्यांनी एंट्री ठरवलेली. बरं ऐक, व्याह्यांना माघात काशी करायचीय. मी सांगून टाकलं, माझा भाऊ आहे तिथं, काळजीच नको. आठ-दहा जण असतील. करशील ना सोय?"

"या," हे म्हणाले. "आणि ती साडी..."

"कुठली साडी?"

तिनं अगदी सहज विचारलं. कपाळाला आठी घालून, खरोखर आठवत असल्यासारखी. मी मोबाईल ओढायला हात पुढे केला, तर ह्यांनी दुसऱ्या हातानं माझा हात धरून ठेवला. घट्ट.

"दाराशी टेबल आहे बघ," हे सावकाश म्हणाले, वर्गात मुलाला समजावावं तसे. "पाकिटांचा हंडा आहे. त्याच्या मागे लावलीय ती. उलटी लागलीय. तेवढी सरळ करायला सांग."

वन्संची नथ हलायची थांबली. मग तिनं मान वळवून कुणाला तरी हाक मारली, "अहो, ती मागची साडी जरा सरळ करा हो, दादा सांगतोय," आणि मोबाईल टेबलाकडे फिरवला. आमच्याकडे तोंड ठेवायची हिंमत नसेल झाली. काळे शर्ट घातलेल्या दोन माणसांनी गाठी सोडल्या, साडी फिरवली, पुन्हा बांधली. वरचे दिवे तिच्यावर पडले. सगळ्या टीव्हीभर ती हळद पसरली, आणि तिच्यावरच्या कोयऱ्या एकेक करून चमकल्या. आमच्या खोलीची भिंतसुद्धा पिवळी झाली. घरी उलगडली होती तेव्हाही इतकी सुंदर दिसली नव्हती.

हे बराच वेळ बघत राहिले.

"हां," म्हणाले. "आता बरोबर आहे."

आणि गुरुजींनी मामाला बोलावल्यापासून उभे होते, ते तेव्हा बसले.