‘बरं हाय’ म्हणायचं नाही

दवाखान्यातले किस्से कसे साठतात म्हणून विचाराल, तर आठवड्यातून दोनदा एकाच बाकावर बसून बघा. मंगळवार आणि शुक्रवार. पुढं डॉक्टरांचं टेबल, बाजूला पातेल्यात सुया उकळतायत आणि मधे आपला खोकला. भीती वाटली की माणूस देवाचं नाव घेतो, नाही तर शेजारच्याला काहीबाही सांगत सुटतो. आमच्या बाकावर देवापेक्षा शेजाऱ्याचीच चलती होती.

स्वराज्य येऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती. पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उभे राहत होते आणि क्षयावर सुई निघाली होती. निघाली होती म्हणजे काय, ज्याचं नाव दवाखान्याच्या रजिस्टरात होतं त्याच्यापुरती. नाव कापलं की संपलं. सुईच्या आधी ज्यांना हा खोकला लागला ती माणसं कुठं गेली, ते आम्हाला एकेकाच्या नावासकट पाठ होतं.

बाकावर आम्ही चौघं ठरलेली. मी चऱ्होलीची. मोशीची गोदाक्का, माझ्यापेक्षा बरीच मोठी. रत्नागिरीकडून आलेले राऊत, कारखान्यात फिटर. आणि शेवंता. वय वीस. तिचं आठ महिन्यांचं पोरगं तिच्या आईनं उचलून नेलं होतं, तिचा रोग त्याला लागू नये म्हणून.

*

गोदाक्काला डॉक्टर दर खेपेला विचारायचे, “काय गोदाबाई, कसं काय?”

गोदाक्का म्हणायची, “बरं हाय.”

दुसरं काय म्हणणार? आपल्याकडं कुणी विचारलं तर असंच म्हणतात. प्रेत उचलायला आलेल्यांनी विचारलं तरी घरातली माणसं ‘बरं हाय’च म्हणतील. पण डॉक्टर ते लिहून घेत होते. महिन्याभरानं त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सांगितलं की आता बाईंना आराम पडलेला आहे, पुढच्या आठवड्यापासून सुई बंद.

गोदाक्का त्यावरही मान डोलवून उठायला लागली. मग मीच उठले. म्हटलं, हिला काल पदरभर रक्त पडलंय.

डॉक्टर चिडले. “मग बरं आहे असं का सांगते ती?”

“तुम्ही विचारता म्हणून!”

*

त्या दिवशी बाकावर ठराव झाला. ‘बरं हाय’ म्हणायचं नाही. म्हणणाऱ्याचं नाव रजिस्टरातून कापलं गेलं असं समजायचं.

डॉक्टर यायच्या आधी तालीम घ्यायचो. राऊत डॉक्टर व्हायचे, मान वर न करता विचारायचे, “कसं काय?” गोदाक्का तोंड उघडायची, ‘ब’ वर यायची आणि मी तिला चिमटा काढायची. चार तालमींत तिचा दंड निळा झाला.

शुक्रवारी तिचा नंबर आला. डॉक्टरांनी विचारलं. गोदाक्कानं डोळे मिटले, देवीला नवस बोलावा तसं एका दमात म्हणाली, “बरं न्हाई. तुमचं कसं हाय?”

डॉक्टर हसले. “माझं बरं आहे.”

मी मागून म्हटलं, “लिहून घ्या, साहेबांची सुई बंद.”

त्या तालमीत शेवंता गप्प असायची. एकदा मी तिला विचारलं, पोरी, तुला काय सांगायचंय डॉक्टरला? तर म्हणाली, कानात भोवरा फिरल्यावानी आवाज येतोय. सुया सुरू झाल्यापास्नं. मी म्हटलं, मग सांग की. तिनं पदर कानावर ओढून घेतला.

*

एकदा पुण्याहून मोठे डॉक्टर आले. माझा फोटो, छातीचा, खिडकीपाशी धरून दोघं इंग्रजीत बोलायला लागले. मी मधे उभी, दावणीच्या म्हशीसारखी. सगळं डोक्यावरून गेलं, एक शब्द तेवढा, फोटोत माझ्या उजव्या बाजूला बोट ठेवून, पुन्हा पुन्हा आला. तो मी पकडला. चऱ्होलीपर्यंत ‘कॅव्हिटी, कॅव्हिटी’ करत चालत गेले, विसरायला नको म्हणून. थेट शाळामास्तरांच्या दारात.

मास्तरांनी विचारलं, हा शब्द कुठं ऐकलात? म्हटलं, माझ्या छातीविषयी चाललं होतं. मास्तर दोन पावलं मागं सरकले. म्हणाले, “पोकळी. म्हणजे, खड्डा म्हणा.” आणि दार लोटून घेतलं.

चार रात्री मी उजव्या कुशीवर झोपले नाही. वाटायचं, आत काहीतरी ढासळेल.

मंगळवारी डॉक्टरांपुढं बसल्या बसल्या विचारलं, “माझा खड्डा केवढा आहे?”

ते दचकले. कुणी सांगितलं म्हणाले. हे रोग्यांना सांगायचं नसतं म्हणाले, रोगी घाबरतात.

“साहेब, नाशिक रस्त्यावर खड्डा पडला तर गावाला दवंडी देतात. हा तर माझ्या छातीत आहे.”

फोटो पुन्हा खिडकीपाशी धरला. मग म्हणाले, लिंबाएवढा होता, आता बोराएवढा आहे. त्या दिवशी मी उजव्या कुशीवर झोपले.

*

राऊतांना सहा महिने विश्रांती सांगितली. त्यासाठी कंपनीला चिठ्ठी लागत होती आणि चिठ्ठीवर डॉक्टर रोगाचं नाव लिहिणार होते. राऊत हात जोडून म्हणाले, साहेब, ते नाव वाचलं तर सुपरवायझर चिठ्ठीला सुद्धा हात लावायचा नाही, मला कामावर घ्यायची गोष्ट लांबच.

डॉक्टर म्हणाले, मी खोटं लिहीत नाही.

“खोटं नका लिहू,” राऊत म्हणाले, “पण माझ्या चिठ्ठीवर जरा तरी तुमचं नेहमीचं अक्षर काढा. आज इतकं वळणदार कशाला काढलंत?”

डॉक्टरांनी ती चिठ्ठी फाडली आणि दुसरी लिहिली. ती आज कुणालाही दाखवलीत तरी त्यातलं एक अक्षर लागणार नाही. राऊतांची नोकरी टिकली.

*

आता शेवंताचं सांगते.

तिच्या कानातला भोवरा वाढत गेला. मग तोलही जायला लागला, बाकापासून टेबलापर्यंत भिंत धरून जायची. आम्ही मागून हाक मारली तर वळायची नाही. मी डॉक्टरांना दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा ते म्हणाले, अशक्तपणा आहे, बाकी मनाचं आहे. माणूस वाईट नव्हता. एका सकाळी साठ रोगी बघायचे म्हटल्यावर कुणाचंही असंच व्हायचं.

मी शेवंताला म्हटलं, तू स्वतः बोल. ती म्हणाली, “मावशी, बोलले तर सुई बंद करत्याल. सुई बंद झाली तर मी मरंन. आन न्हाई बोलले तर... पोरगं आता आई म्हनाया लागलंय म्हनं.”

 सगळ्यांना चिमटे काढणारी मी, तिचा पदर नीट करत बसले.

पुढच्या मंगळवारी तिचा नंबर आला. भिंत धरून गेली, पण खुर्चीवर बसली नाही. टेबल घट्ट धरून उभी राहिली आणि म्हणाली, “सुई बंद करू नका. कमी करा, न्हाई तर दुसरं औषध हाय का त्ये बघा. पर माझं कान चाललंत.”

डॉक्टर म्हणाले, हे तुझ्या मनाचं आहे. ती म्हणाली, मोठ्यानं बोला. डॉक्टरांनी पेन ठेवलं. त्यांना वाटलं असावं, एकदाच काय तो निकाल लावून टाकू. मनगटावरचं घड्याळ सोडलं, पुढं वाकले आणि तिच्या उजव्या कानाला लावलं. मग डाव्या. खुणेनं विचारलं, येतंय ना ऐकू?

बाकावर कुणी खोकलं नाही. कंपाउंडरनं सुद्धा पातेल्याखालची आच बारीक केली. आम्हाला तिथपर्यंत टिकटिक ऐकू येत होती.

शेवंतानं घड्याळ आपल्या हातात घेतलं. कानाला दाबून धरलं, मग पदरानं त्याची काच पुसली आणि जपून टेबलावर ठेवलं. डॉक्टरांचं नुकसान झाल्यासारखं हळू आवाजात म्हणाली,

“सायब, बंद पडलंय हो तुमचं घड्याळ.”

डॉक्टरांनी ते उचललं आणि स्वतःच्या कानाला लावलं.