शेरा: स्वतंत्र

वहिनी ऑक्युपेशनल थेरपिस्ट व्हायला निघाली तेव्हा आम्ही तिला फार छळलं. सदऱ्याची बटणं लावायला शिकवायचं, त्याला चार वर्षं कशाला? ती म्हणायची, एक हात लुळा पडला की मग बोला. मी तिची नणंद, तोंडाची फटकळ; छळण्यात सगळ्यांत पुढे.

शेवटची परीक्षा ती पास झाली. परवान्याचा अर्ज आला आणि अकराव्या प्रश्नाशी अडला. तुमच्या निर्णयामुळे एखाद्या रुग्णाला इजा झाली आहे का? होय किंवा नाही.

प्रशिक्षणात तिच्याकडे एक म्हातारा शिंपी होता, अर्धांगवायूनं डावी बाजू अधू झालेला. दीड महिना खपून तिनं त्याला खुर्चीतून उठून न्हाणीघरापर्यंत जायला शिकवलं. सलग तीन दिवस तपासलं आणि कागदावर शेरा मारला, 'स्वतंत्र'. म्हणजे उठायला माणूस लागत नाही. घरी गेल्यावर आठव्या दिवशी तो उठताना पडला, डोक्याला मार लागला आणि गेला.

तेव्हापासून वहिनीचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. खुर्ची सरकली की हातातलं टाकून वळायची. भाजी चिरताना पुटपुटायची, पाय मागे, पुढे वाका, आता उठा. एकदा तर ती हे रिकाम्या खुर्चीला सांगत होती. मी घाबरले, खोटं कशाला बोलू.

तिच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या, चौकशीत काही निघालं नाही, बिनधास्त 'नाही' लिही. मीही म्हटलं, आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस. पण आपलं नेमकं काय चुकलं हे कळल्याशिवाय तिला लिहवेना. शेवटी अर्ज पर्समध्ये घालून ती मला घेऊन शिंप्याच्या घरी गेली.

शिंप्याच्या बायकोनं आम्हाला बसवलं, पाणी दिलं. ते घरी कसे उठायचे, असं वहिनीनं चाचरत विचारलं.

"तू शिकवलंस तसंच," बाई म्हणाल्या. "पाय मागे घेऊन, पुढे वाकून. फक्त उठताना डावीकडे कलायचे. मी विचारायचे, कुणावर रेलताय? तर म्हणायचे, ती धरते ना."

वहिनी आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. तिन्ही दिवस तो हात म्हाताऱ्याच्या कोपराखाली होता. काळजीपोटी आपसूक गेलेला, तिला स्वतःलाही न कळलेला. शेरा मारताना ती मदत तिनं हिशेबात धरलीच नव्हती.

शिलाई मशीनच्या फळीवर अर्ज ठेवून तिनं तिथंच 'होय' लिहिलं. परवाना मिळाला, पण आधी वर्षभर दुसऱ्याच्या देखरेखीखाली काम करावं लागलं. आता चाचणी घेताना ती दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहते. नवे लोक तिला शिष्ट म्हणतात. मी भांडायला उठते, तर ती मलाच गप्प करते.

"हात मागे असले तरी तळव्यावर वजन येतं गं," ती मला एकदा म्हणाली. "नेमकं त्या शिंपीआजोबांचंच."