कोपऱ्यातला चौकोन

मालेगावच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये तो प्रोग्रामर एकदाच आला. प्रत्येक मुलाचा प्रोग्राम कुठवर आलाय, ते माझ्या स्क्रीनवर छोट्या चौकोनांत दिसेल अशी सोय त्यानं करून दिली. काम करताना ओळ संपली की तो शेवटचं अक्षर खोडायचा आणि तेच पुन्हा टाइप करायचा. जाताना म्हणाला, "मॅडम, पोट्टे कुठं अडून राह्यले ते पाहत जा. जो अडतच नाही, त्याच्यापाशी जाऊ नका."

दुसऱ्या दिवशी सगळे चौकोन अडखळत होते. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरचा मात्र सरसर पुढे चालला होता. कौतुकानं मी मान वर केली, तर तिथली खुर्ची रिकामी. स्क्रीनवर ओळ संपली. शेवटचं अक्षर पुसलं गेलं आणि तेच पुन्हा उमटलं.

त्या कोपऱ्यात मी आता कुणाला बसवत नाही. तो चौकोन अजून एकदाही अडलेला नाही.